मी आतला माल तोलला

मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नाही, दुकानात असतो तो. खाली काळं लोखंडी धूड, वर दोन पितळी ताटल्या आणि मधोमध समोरासमोर दोन चोची. एका ताटलीत वजन ठेवायचं, दुसरीत माल. चोचीला चोच भिडली की वजन बरोबर. इतकं सोपं आहे, मित्रांनो. तरी माणसांना जमत नाही.

मला बनवलं एका म्हाताऱ्या कारागिराने. त्याच्या चष्म्याची एक काडी गेलेली होती, तिथे त्याने दोरा बांधला होता. कारखान्यातले बाकीचे दिवसाला चार काटे उरकायचे. हा माझ्या एकट्याच्या मागे तीन दिवस बसला. कानसीने घासायचा, फुंकर मारायचा, परत घासायचा. शेवटी त्याने एका ताटलीत कागदाचा कपटा टाकला आणि माझी चोच हलली. म्हातारा हसला. शेजारच्याला म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही. याला येतच नाही."

माझ्या आयुष्यात कौतुक म्हणावं असं तेवढंच एक झालं. नंतर लोकांनी जे कौतुक केलं ते ऐकून मला गंज चढायची वेळ आली.

एका दुकानदाराने मला विकत घेतलं. त्याचं बेकरीच्या सामानाचं दुकान होतं. मैदा, साखर, पिठीसाखर, सोडा, बेकिंग पावडर, कोको, केकचे साचे. दुकानात जिकडे तिकडे पांढरं. फरशी पांढरी, पंखा पांढरा, मालकाच्या भुवया पांढऱ्या. दुकानावरच दोन खोल्या होत्या, तिथे घर. त्याला एक मुलगी आणि एक मुलगा. मरताना त्याने दुकान आणि खोल्या मुलीच्या नावावर केल्या आणि तिला सांगितलं, "तुझ्या भावाकडे बघ गं जरा." मुलाला काही दिलं नाही. माणूस हुशार होता. वजनं करून करून अंदाज येतो.

मुलीला सगळी गल्ली ताई म्हणायची. ताईचा नवरा दुसऱ्या गावी कामाला गेला तो तिकडचाच झाला. का झाला, कोणासाठी झाला, हे ताईने कधी विचारलं नाही. न विचारण्यात ताई पहिल्यापासून हुशार. तिला एक मुलगी होती, डोक्याने गरम. गल्लीत तिला ठिणगी म्हणायचे.

ताईला स्वच्छतेचं वेड होतं आणि चिठ्ठ्यांचं. दुकानात तिने जागा सोडली नव्हती. बरणीवर चिठ्ठी: 'ओला चमचा घालू नये.' फ्रीजवर चिठ्ठी: 'उगाच उघडू नये.' स्टुलावर: 'एक पाय हलतो. बेताने बसणे.' फोनवर: 'थोडक्यात बोलणे.' ठिणगीच्या डब्यावरसुद्धा चिकटवलेली असायची: 'संपवून आणणे.' तोंडाने सांगायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती लिहायची. लिहिलं की सांगून झालं, असं तिला वाटायचं.

माझी मात्र तिने फार काळजी घेतली, हे कबूल करतो. रोज सकाळी ताटल्या उचलून खालचं पीठ ब्रशने काढायची. आठवड्याला सांध्यात तेलाचा एक थेंब. महिन्याला चिंच लावून पितळ लख्ख. वर्षाला वजनमापवाला साहेब यायचा, माझी परीक्षा घ्यायचा, शिक्का मारायचा आणि दरवेळी तेच बोलायचा, "ताई, काटा ठेवावा तर तुम्ही." ताई लाजायची. जसं काही वजन मी नाही, तीच करते.

आता तिचा भाऊ. ठिणगी त्याला मामा म्हणायची, म्हणून आपणही मामाच म्हणू. त्याच्याबद्दल चांगलं काही सांगता आलं तर बघतो. नाही, काही नाही. मामाने आधी मोबाईलची कव्हरं विकली. मग मासे पाळायच्या काचेच्या पेट्या. मग व्यायामशाळा काढतो म्हणाला आणि फक्त स्वतःसाठी बनियन आणले. सगळ्यात तोंडावर आपटला. मग एक वर्षभर गायब. परत आला तो पांढऱ्या बुटांत, नव्या मोटरसायकलवर, करंगळीत अंगठी. गिऱ्हाईक उभं असताना माझ्या ताटलीत हेल्मेट ठेवलं. तिथेच मला कळलं याचं वजन किती.

"काय करतोस सध्या?" ताईने विचारलं.

"धंदा."

"कसला?"

"इम्पोर्ट."

"असं होय," ताई म्हणाली. तिला ते काय ते कळलं नव्हतं. त्यालाही नसावं.

मग तो मुद्द्यावर आला. "ताई, दुपारी मागची खोली लागेल मला. एक ते चार, तुझं दुकान बंद असतं तेव्हा."

"कशाला रे?"

"माल ठेवायचाय थोडा."

"कसला माल?"

"तुला नाही कळायचं."

"बरं. पण बूट बाहेर काढून जा. मैद्याची पोती आहेत तिथे."

बघा मित्रांनो. चौकशी संपली. पोत्यांची काळजी केली, पोत्यांशेजारी काय येणार त्याची नाही.

महिन्याभरात दुकानात नवा फ्रीज आला. मग नवं शटर. मग ठिणगीच्या क्लासची फी मामाने भरली. ताईने फ्रीजवर नवी चिठ्ठी चिकटवली.

मामाकडे स्वतःचा बॅटरीचा काटा होता. प्लास्टिकचा, तळहाताएवढा. पंख्याच्या वाऱ्याने त्याचे आकडे नाचायचे. एकदा त्याचा माल घेणारा भडकून आला, कानात डूल, गळ्यात साखळी. "कमी भरलं. वर लिहिलंय शंभर, आत ब्याण्णव. मला गाढव समजतो का?"

मामा त्याच्या पाया पडायचाच बाकी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर पडलं आणि मामाने मला उचललं. चौदा किलो आहे मी. व्यायामशाळावाला धापा टाकत मला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि पांढऱ्या भुकटीची पिशवी उघडली. तो मैदा नव्हता. साखर नव्हती. सोडा नव्हता. मी आयुष्यभर पांढरं तोललंय, मला फरक कळतो.

त्या दिवसापासून मामाने शंभर शंभर ग्रॅमच्या पुड्या माझ्यावर बांधल्या. पुडीवर पेनाने लिहायचा: १००. आणि मिरवायचा काय, ऐका! "आपला माल सरकारी शिक्क्याच्या काट्यावर तोललेला असतो. एक ग्रॅम इकडे तिकडे नाही." विष विकायचं आणि वजनात प्रामाणिक म्हणून छाती काढायची. थू! पण मी काय करणार? चोच वाकडी करून दाखवायची म्हटलं तरी मला येत नाही. शंभर म्हणजे शंभर. त्याच्यासाठी पण.

काम झालं की तो मला परत बाहेर आणून ठेवायचा. पुसायचा नाही. आळशी.

आणि मग तो दिवस. चार वाजता ताईने शटर उघडलं. माझ्या ताटलीत कडेला चिमूटभर पांढरं राहिलं होतं. बेकरीच्या सामानवाल्यांची एक सवय असते. पांढरं काही सांडलेलं दिसलं की बोटाला लावायचं आणि जिभेला. खारट लागलं तर सोडा, गोड लागलं तर पिठीसाखर, जिभेवर फसफसलं तर बेकिंग पावडर. ताई दिवसातून दहा वेळा हे करायची, न बघता. त्या दिवशीही तिने बोट टेकवलं, उचललं, जिभेपर्यंत नेलं.

आणि थांबवलं.

बोट तसंच हवेत. ती बोटाकडे बघतेय, मी तिच्याकडे. मित्रांनो, नंतर ती कोर्टात काहीही बोलली असेल. ते बोट जिथे थांबलं तिथे तिला सगळं कळलं होतं. मैदा असेल असं वाटणारी बाई बोट थांबवत नाही.

तिने हात धुतले. मग माझी ताटली साबणाने धुतली. परत धुतली. उन्हात धरून बघितली. आता ही भावाला गाठेल, त्याची कॉलर धरेल, मागची खोली रिकामी करेल, असं मला वाटलं. मी काटा आहे, मला आशा लावायची सवय नाही, तरी लावली.

ताईने गल्ल्यातून कागद काढला. पेन काढलं. चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी तिने माझ्या लोखंडावर चिकटवली, मालाच्या ताटलीच्या बरोबर खाली, म्हणजे ताटली उचलल्याशिवाय गिऱ्हाइकाला दिसू नये. वर पारदर्शक टेप, ओल लागू नये म्हणून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते असं. आणि दुसऱ्या दिवशी मामाला एवढंच म्हणाली, "ताटलीखाली लिहून ठेवलंय, वाच."

त्याने ताटली उचलून वाचलं. "सॉरी ना ताई. चुकून राहिलं."

"गिऱ्हाईक येतं माझ्याकडे."

"हो गं. धुवून ठेवीन."

झालं. बहीण-भावाचं भांडण एवढंच.

ठिणगी मात्र सोडणारी नव्हती. एकदा जेवताजेवता तिने विचारलेलं खाली मला ऐकू आलं.

"आई, मामा मागे काय करतो?"

"काम."

"दार लावून?"

"ऊन येतं."

"मागच्या खोलीला खिडकीच नाहीये."

"तू जेव."

समोर शिंप्याचं दुकान होतं. शिंपीकाका ताईकडून दर शनिवारी पाव किलो पिठीसाखर न्यायचे. त्यांचा मुलगा उंच, हसरा, तयार कपडे सायकलवरून घरोघर पोचवायचा. तो एकदोनदा दुपारी मागच्या दाराशी दिसला. मग रोज. मामा मोठ्या पुड्या बाहेर पाठवायचा, पण उरलंसुरलं, ताटलीत झाडून निघालेलं, ते गल्लीतल्या पोरांना विकायचा. वाया काही घालवायचा नाही. बापाचे तेवढे संस्कार राहिले होते.

शिंपीकाका काउंटरला टेकून ताईला सांगायचे, "बत्तीसची कंबर होती पोराची. मी पॅंट आत घेतली तीसवर. काल परत घेतली, अठ्ठावीस. आता कापडच उरलं नाही आत घ्यायला."

"डॉक्टरला दाखवा की," ताई म्हणायची.

"दाखवलं. काही खात नाही म्हणे. केक तेवढा खातो, घरचा. म्हणून त्याची आई करते. द्या पाव किलो."

आणि ताई माझ्या ताटलीत पिठीसाखर ओतायची. बापाची पाव किलो. दोन तासांपूर्वी त्याच ताटलीत त्याच्याच पोरासाठी तोललेलं असायचं. चोचीला चोच भिडायची. ताई कागदाचा पुडा करून, दोरा बांधून, वर चिमूटभर जास्त टाकून द्यायची. "असू दे, पोरासाठी." त्या चिमटीचं तिला फार समाधान वाटत असणार. मला तिच्या तोंडावर ताटली फेकून मारावीशी वाटली. पण मला हातच नाहीत.

शिंपीकाकांचा मुलगा पावसाळ्याच्या शेवटी गेला. बसस्टॉपवरच्या बाकावर बसल्या बसल्या. लोकांना आधी वाटलं झोपलाय.

ताईने एक दिवस दुकान बंद ठेवलं. शटरवर चिठ्ठी: 'दुःखद घटनेमुळे बंद.' अक्षर सुंदर होतं. सगळ्या गल्लीने हळहळून वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मामा आला, बूट बाहेर काढले आणि मला उचलून आत नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई बँकेत गेली होती. ठिणगी काउंटरवर बसली होती. तिने फोन उचलला. नंबर फिरवला. फोनवर आईची चिठ्ठी होती, थोडक्यात बोलणे. पोरगी खरंच थोडक्यात बोलली.

"दुपारी एक ते चार. बेकरी सामानाचं दुकान, मागची खोली. माझा मामा आहे. हो, सख्खा."

फोन ठेवला. मग गिऱ्हाईक आलं, तिने त्याला अर्धा किलो मैदा दिला. वजन बरोबर दिलं.

पोलीस अडीच वाजता आले. मामा तेव्हा दहावी, शेवटची पुडी बांधत होता. दारावर लाथ बसली तसा याचा सगळा इम्पोर्ट उतरला. त्याने हाताला लागलेल्या दोन पुड्या फरशी पुसायच्या पाण्याच्या पिंपात टाकल्या. पुड्या फुटल्या, पाणी दुधासारखं झालं. बाकी आठ टेबलावर. "ते बेकिंग पावडर आहे साहेब!" मामा ओरडला. हवालदार म्हणाला, "हो का? मग चल, केक करू."

गल्ली गोळा झाली. गल्लीची तर गंमतच. "आम्हाला आधीपासून संशय होता," एकेक जण सांगत होता. संशय होता म्हणे! मग दीड वर्ष काय दही लावून बसला होता त्याला?

मला गोणपाटात घातलं. ताटल्या सुतळीने अंगालाच बांधल्या, वर लाखेचं सील. ताटली उचलून कोणी बघितलं नाही. कामाचे पक्के.

मग अडीच वर्षं मी मुद्देमालाच्या खोलीत. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं सामान. माझ्या शेजारी मामाचा दोन हात रुंद टीव्ही होता, त्याची मोटरसायकल होती आणि एका खोक्यात त्याचे अकरा जोडी पांढरे बूट. उंदरांनी बूट खाल्ले. आत पुठ्ठा निघाला, खरं चामडं नव्हतंच.

तिथल्या कारकुनांच्या बोलण्यातून मला नवीन कायदा कळला. आधी असा माणूस सापडला की तीनचार वर्षं आत जायचा आणि बाहेर येऊन त्याच टीव्हीसमोर बसायचा. आता, मामा सापडायच्या थोडं अगोदर, कायदा कडक केला होता. माल एक किलोच्या आत असेल तर पाच वर्षं. एक किलो किंवा वर असेल तर अठरा. आणि अठरा झाली की शिवाय त्या धंद्यातून घेतलेलं सगळं जप्त आणि ज्या जागेत धंदा चालला ती जागाही जप्त. जागा वाचवायची तर मालकाने सिद्ध करायचं, मला काही माहीत नव्हतं.

चांगला कायदा आहे, मित्रांनो. मामासारख्यांना तुरुंगाची भीती नसते, टीव्ही जायची असते.

आता घोळ लक्षात घ्या. टेबलावरच्या आठ पुड्या पोलिसांनी तोलल्या, बरोबर आठशे भरल्या. पिंपात विरघळलेल्या दोन कोण तोलणार? त्यांचे फक्त कागद मिळाले. त्यांच्यावर मामाच्या अक्षरात १००, १००. मी खरा असेन तर एक किलो. मी खोटा असेन तर कोणाला माहीत किती. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी खोटा ठरलो की मामा पाच वर्षांत बाहेर आणि ताईचं दुकान, वरच्या दोन खोल्या, सगळं वाचलं. मी खरा ठरलो की ताईला सिद्ध करावं लागणार की तिला माहीत नव्हतं. दुकानाला तोपर्यंत सील होतं. ताई आणि ठिणगी वरच्या खोल्यांत निकालाची वाट बघत राहत होत्या.

ताईने आणि मामाने मिळून एकच वकील केला. तिथेच चुकलं. तो वकील बोलताना स्वतःच्या आवाजावर खूश व्हायचा.

मला कोर्टात आणलं, सील तोडलं, टेबलावर ठेवलं. अडीच वर्षांनी उजेड बघितला. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मागच्या बाकावर शिंपीकाका. ताई साक्षीला उभी, इस्त्रीची साडी. ठिणगी कोपऱ्यात, हाताची घडी घालून. ती आता अठराची झाली होती.

सरकारी वकिलाने ताईला विचारलं, "तुमच्याच दुकानात, तुमच्याच काट्यावर हे चाललं होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"पांढऱ्याचं दुकान आहे साहेब माझं," ताई म्हणाली. "सगळीकडेच पांढरं सांडलेलं असतं. कशातलं काय कळणार?"

काय सुंदर उत्तर! न्यायाधीशबाईंनी मान हलवून लिहून घेतलं. मला त्या थांबलेल्या बोटाची आठवण झाली. पण मला कोण विचारतो?

मग वजनमापवाला साहेब आला. त्याने इकडे किलो ठेवला, तिकडे किलो ठेवला. चोचीला चोच. इकडे शंभर, तिकडे शंभर. चोचीला चोच. "उत्तम काटा आहे," तो म्हणाला, "चाळीस वर्षांचा आहे, पण..."

"चाळीस!" वकील उठलाच. "ऐकलंत, मॅडम? चाळीस वर्षांचं भंगार! आज बरोबर दाखवेल, उद्या चूक. वरून पितळ चमकतंय, पण आत काय आहे? गंज! कोर्टाने स्वतःच बघावं." आणि दोन्ही हातांनी, जादूगार टोपी उचलतो तशी, त्याने माझी ताटली उचलली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गंज कुठला, ताईने रोज ब्रश मारलेला. आत चिठ्ठी होती. टेपखाली जशीच्या तशी. वकील वाकून बघायला लागला आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच बंद झाला.

"काय आहे ते?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम. स्टिकर आहे."

"इकडे आणा."

दोघा शिपायांनी मला उचलून बाईंसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं.

"'दुपारी आतला माल तोलून झाल्यावर ताटली साबणाने धुवून ठेवणे. गिऱ्हाइकाची पिठीसाखर याच ताटलीत जाते.'" त्यांनी वर बघितलं. "हे अक्षर कोणाचं?"

अक्षर इतकं सुंदर होतं की नाकारायची सोय नव्हती.

"ताई, तुमचं आहे?"

"हो."

"आतला माल म्हणजे?"

ताईने पदर बोटाला गुंडाळला. सोडला. परत गुंडाळला. "मला काटा घाण होतो तेवढं माहीत होतं," ती म्हणाली.

आरोपीच्या पिंजऱ्यातून मामा रडकुंडीला येऊन ओरडला, "ताई, चिठ्ठी कशाला लावलीस गं!"

आणि ताई, मित्रांनो, ताई भर कोर्टात फणकारली, "तू धुवून ठेवला असतास तर लावायची वेळ आली असती का?"

दोनचार लोक हसले. मग मागच्या बाकावरून शिंपीकाका उठले. शिपाई बसा बसा म्हणाला, पण ते ऐकू न आल्यासारखे उभेच. आवाज चढवला नाही. गिऱ्हाईक विचारतं तसं विचारलं.

"ताई, माझ्या वेळेला धुतलेली होती का हो ताटली?"

ताई परत पदर गुंडाळायला लागली. उत्तर माझ्यापाशी होतं. होती, काका. दर शनिवारी लख्ख धुतलेली होती. त्याच्याहून वाईट उत्तर असतं का?

मामाला अठरा वर्षं. टीव्ही, मोटरसायकल, उंदरांनी उरवलेले बूट, अंगठी, सगळं जप्त. दुकान आणि वरच्या खोल्या एकाच कागदावर होत्या, त्या पण जप्त. ताईला तुरुंग झाला नाही. तिला महिन्याभरात घर रिकामं करायला सांगितलं.

नंतर सरकारी आवारात लिलाव झाला. दुकान, खोल्या मोठ्या लोकांनी घेतल्या. मग सुट्टं सामान. ताई आली होती, ठिणगीला घेऊन. ती कोपऱ्यावर हातगाडी लावणार होती, तिला मी हवा होतो. कारकून म्हणाला, "तुमची होती ना वस्तू? तुम्हाला बोली लावता येत नाही."

ताई ठिणगीकडे वळली. "तू लाव. तू आता मोठी आहेस, तुझ्या नावावर चालेल."

"नाही."

"अगं आजोबांचा काटा आहे. असा परत मिळायचा नाही."

"मी त्याला हात लावणार नाही, आई."

"त्याचा काय दोष त्यात?"

"त्याचा नाहीच आहे." ठिणगी लाल झाली. मग एका दमात म्हणाली, "आई, पोलिसांना फोन मी केला होता."

आता ताई किंचाळेल, मारेल, खाली बसेल, असं मला वाटलं. ताईने फक्त खांद्यावरची पर्स सारखी केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "फोनचं बिल बघितलं तेव्हाच कळलं."

ठिणगी तिच्याकडे बघत राहिली. "अडीच वर्षं? मग विचारलं का नाहीस?"

ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटलीवर धूळ होती. तिने पदराचं टोक घेतलं आणि पुसायला लागली, गोल गोल, कडेपासून आत. कारकून "बाई, हात लावू नका" म्हणाला तरी पुसत राहिली. ठिणगी वळली आणि आवाराबाहेर चालत गेली. एकदाही मागे न बघता. माझ्या अख्ख्या आयुष्यात वजनाला पुरं भरलेलं माणूस ते एकच.

माझ्यावर बोली लागली नाही. नशेवाल्याचा काटा कोण घेणार? संध्याकाळी भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने दिलं. त्याने मला त्याच्या काट्यावर टाकलं. साडेबारा भरलो. चौदाचा मी, साडेबारा! कारकुनाने सही केली. चहा प्यायला दोघं एकत्रच गेले.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात. आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. मी नाही तसं म्हणणार. माझी काळजी ताईने घेतली तशी कोणी घेऊच शकत नाही. रोज ब्रश, आठवड्याला तेल, महिन्याला चिंच. समोरच्या दुकानात एका पोराची कंबर बत्तीसवरून अठ्ठावीसवर आली, आणि इकडे माझं पितळ झळाळत होतं.

नका घेऊ माझी काळजी. मी लोखंडाचा आहे. मला काय होणार होतं?